तोंडात बघणारी बाई

सिल्वासाजवळ राखोलीच्या आमच्या कारखान्यात सकाळी आत शिरायचं तर आधी बेबीमावशीसमोर तोंड उघडावं लागायचं. नमस्कार नाही, राम राम नाही. "आ करा," एवढंच. मग ती शर्टाच्या खिशातून बोटाएवढी टॉर्च काढायची आणि क्रमानं बघायची: डावा गाल, उजवा गाल, जिभेखाली, शेवटी वरचा ओठ उचलून. समाधान झालं की मान हलायची आणि मागची बाई पुढं यायची. बायकांची रांग रोज दोन-अडीचशेची असे. एवढी तोंडं रोज बघून या बाईला जेवण कसं जातं, असा मला पहिले काही दिवस प्रश्न पडला होता.

कारखाना फरसाणाचा. शेव, चिवडा, मसाला शेंगदाणे. खाण्याची वस्तू म्हटल्यावर तंबाखू, गुटखा, सुपारी, मशेरी यांतलं काही आत जायला नको आणि धातूचं तर अजिबात नको. बांगड्या घरी, चमकी काढून पिशवीत, मंगळसूत्र निघत नसेल तर त्यावर निळी चिकटपट्टी. नियम सगळ्या गेटांवर तोच, पण पुरुषांच्या गेटवरचा माणूस खिसे चाचपून मोकळा व्हायचा. बेबीमावशीचं म्हणणं वेगळं होतं. "माणूस खिशात कमी लपवतो न् गालात जास्त," असं ती म्हणायची.

नाव बेबी आणि वय पन्नाशीच्या पलीकडचं. अंगानं आडवी, केसांचा घट्ट बुचडा, पायात पुरुषी बूट. मूळची शिरपूरकडची. लग्न होऊन नवऱ्याबरोबर इकडं आली तेव्हा तो धाग्याच्या कारखान्यात होता. आता कुठं असतो असं विचारलं तर "आहे कुठंतरी" म्हणायची, आणि विचारणाऱ्याकडेच असं बघायची की जणू त्यानंच तो लपवून ठेवलाय. सामरवरणीला एका खोलीत एकटी राहायची. गुजराती बायका तिला बेबीबेन म्हणत, बाकीच्या मावशी. तिच्या पाठीमागं तिला काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तिचा कुणावरही विश्वास नव्हता आणि त्यात भेदभावही नव्हता. दसऱ्याला यंत्रांची पूजा सांगायला गुरुजी आले, तेव्हा ते साहेबांच्या पाठोपाठ बायकांच्या गेटनं आत निघाले होते. मावशीनं त्यांनाही आ करायला लावलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. गुरुजींच्या गालात सुपारीचं खांड निघालं. तेव्हापासून साहेबांनी तिच्या कामात बोलायचं सोडून दिलं.

मी नाशिकची. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेऊन तिथल्या लॅबमध्ये लागले होते आणि सहा महिने कच्ची नोकरी होती. पहिल्या दिवशी माझ्या पुढं उभी असलेली अकाउंट्सची मॅडम "मी स्टाफ आहे" म्हणून मावशीशी हुज्जत घालत होती. माझी पाळी आली तशी मी न सांगता तोंड वासलं. मावशीनं टॉर्च मारली, विझवली आणि पुन्हा मारली.

"एवढ्या लवकर आ करणाऱ्या बाईचं मी दोनदा बघते," ती म्हणाली.

आता माझ्या मूर्खपणाकडं येते. नोकरीला तीन महिने झाले होते, हातात स्वतःचे पैसे होते, खोलीवर विचारणारं कुणी नव्हतं. मला आईला न कळणारं काहीतरी करून बघायचं होतं. नाक टोचलं असतं तर आईनं आनंदानं चमकी करून दिली असती, म्हणजे त्यात काही राम नव्हता. म्हणून एका रविवारी वापीला जाऊन मी जीभ टोचून आले. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेला आता वर एक मणी, खाली एक मणी आणि मध्ये आरपार स्टीलची काडी होती.

टोचणारा माणूस नीटनेटका होता. हातमोजे, नवी सुई, सगळं व्यवस्थित. त्यानं मला समोर बसवून शाळेतल्या मास्तरसारखं सांगितलं की चार-पाच दिवस जीभ सुजेल, म्हणून काडी मुद्दाम लांब घातली आहे, सूज उतरली की आखूड घालून देईन. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरायची, बर्फाचे तुकडे तोंडात विरघळू द्यायचे, चावायचे नाहीत. तिखट बंद, गरम बंद. उगाच हात लावायचा नाही, पण दिवसातून एकदा साबणानं हात स्वच्छ धुऊन दोन्ही मणी घट्ट आहेत ना ते मात्र बघायचं. आणि काडी काढायची नाही. ताजं भोक काही तासांत बुजतं, आणि आत घाण झाली असेल तर ती आतच कोंडते. मी सगळ्याला हो हो म्हटलं. मी काम काय करते हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

कारण माझं काम होतं चाखायचं. दर घाण्याचा नमुना जिभेवर ठेवून मीठ-तिखट बरोबर आहे का ते वहीत लिहायचं. जिचं पोट तिखट शेव चाखण्यावर चालतं तिनं जीभ टोचून घ्यायची, आणि तीही सोमवारी कामावर हजर राहायच्या बेतानं. शिकलेल्या माणसाला अक्कल असतेच असं नाही, याचा मी चांगला नमुना होते.

सोमवारी मी रांगेत शेवटी उभी राहिले. जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. मावशीसमोर मी जीभ मागं ओढून जेमतेम दोन बोटं तोंड उघडलं. टॉर्च लागली. ती जिभेवरून हललीच नाही. मग मावशी थंडपणे म्हणाली, "बाजूला थांबा, मॅडम."

माझी पाचावर धारण बसली. चारचौघांत ती मला मॅडम आणि तुम्ही म्हणायची. रांग संपल्यावर तिनं मला झडतीच्या खोलीत नेलं, पडदा ओढला आणि एकदम 'तू'वर आली.

"हे काय घालू राहिली तू जिभेत?"

"पिअर्सिंग आहे, मावशी." माझे शब्द दात पडलेल्या म्हातारीसारखे येत होते.

"निघतं?"

"निघतं, पण काढलं तर भोक बुजतं. जखम ताजी आहे. काढू नको म्हणालाय."

"कोण म्हणाला?"

"टोचणारा."

"टोचणारा तर म्हणेलच. त्याचं काय जातं?" तिनं पुन्हा आ करायला लावलं आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता नियम मोडणाऱ्यांच्या वहीत नाव जाणार. तिनं टॉर्च विझवली. "दिवसभर मास्क खाली करायचा नाही. संध्याकाळी जाताना माले दाखवायचं, उद्या सकाळी परत दाखवायचं. एक आठवडा देते. सूज उतरली का काढून टाकायचं, नाही तर मी नाव लिहीन."

मी सुटले, पण मनात शंकेची पाल चुकचुकली. जिनं गुरुजींना सोडलं नाही ती मला का सोडते? लॅबमधल्या हेतलला मी नुसतं एवढंच म्हटलं की मावशी हल्ली माझ्याशी बरी वागते. हेतल सिल्वासाचीच, तिला गेटवरची बित्तंबातमी. "बेबीबेन कुणाला फुकट सोडत नाही हां," ती म्हणाली, "संभाळजे. काहीतरी मागशे." झालं. त्या दिवसापासून मी मावशीच्या मागणीची वाट बघायला लागले. पैसे मागेल, की गावाकडच्या कुणाला चिकटवून घ्या म्हणेल, की नुसतं मुठीत ठेवेल?

मंगळवारी तिनं एक छोटा डबा माझ्या हातात ठेवला. ताकात कालवलेल्या ज्वारीच्या कण्या, गार केलेल्या. मी झाकण उघडून आधी वास घेतला. तिनं ते पाहिलं.

"विष नाही घातलं. खा."

खाल्लं. दोन दिवसांत पहिल्यांदा काही सुखानं गिळलं होतं. तरी मनात हिशेब चालूच होता की हा डबा मला केवढ्याला पडणार.

तपासणी मात्र ती अशी करायची की डॉक्टरनं लाजावं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सूज कुठल्या बाजूला जास्त, रंग कसा, काडीभोवती काय जमलंय. आणि माझ्या प्रत्येक उत्तरावर संशय. मी मिठाच्या पाण्यानं चुळा भरते म्हटलं तर, "मीठ किती?" दोन चमचे, मी म्हटलं, लवकर बरं व्हावं म्हणून. "एवढ्या मिठात कैरीचं लोणचं होईल, जखम नाही बरी होत. गालाची साल निघू राहिली बघ तुझी." खरंच निघत होती. टोचणाऱ्यानं चिमूटभर सांगितलं होतं आणि मी शहाणपणा केला होता. बुधवारी काडीभोवती पिवळसर काहीतरी दिसलं तेव्हा तिनं भुवया चढवल्या. मी म्हटलं, जखम भरताना असं पाणी सुटतंच, हा पू नाही. "तू म्हणशील ते मी कशाला मानू?" म्हणत तिनं नाक माझ्या तोंडाजवळ आणून हुंगलं. "वास नाही. ताप?" माझ्या कपाळाला हात लावला. "मग असू दे."

रोजचा शेवटचा प्रश्न ठरलेला. "मणी घट्ट केले?"

"हो."

"धुतलेल्या हातानं?"

"हो, मावशी."

"हूं," ती म्हणायची. त्या हुंकाराचा अर्थ मला कळायचा.

कारण मी खोटं बोलत होते. दिवसभर मसाल्यात हात असायचे. तिखट बोटांत असं मुरायचं की तीन वेळा साबण लावला तरी डोळा चोळायची सोय नव्हती. पहिल्या दिवशी मी मणी बघायला बोट लावलं आणि जीभ अशी भडकली की फरशीवर बसून रडले. त्यानंतर मी हात लावलाच नाही. टोचणारा तर म्हणालाच होता की उगाच हात लावू नको, अशी मी सोयीस्कर आठवण काढली. हातमोजा घालून बघता आलं असतं. लॅबमध्ये हातमोज्यांची खोकी पडली होती. तेही सुचलं नाही, की सुचून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे.

कामातही माझी चलाखी चालली होती. लॅबमध्ये कोपऱ्यात पाठ करून मी मास्क खाली करायचे, दाण्याएवढा नमुना दाढेखाली चावायचे, थुंकायचे आणि गार पाण्यानं चूळ भरायचे. मास्क खाली करायचा नाही ही मावशीची अट मी पहिल्याच दिवशी मोडली होती. तिला ते सांगितलं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी सूज बरीच उतरली होती. मला धीर आला आणि मी विचारून टाकलं, "मावशी, तुम्ही मला का सोडलंत? खरं सांगा. काय हवंय तुम्हाला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग स्टुलावर बसली. "खेरडीची एक पोरगी लागली होती," ती म्हणाली, "पॅकिंगला. नुकतंच नाक टोचलेलं. चमकी घालून आली. मी म्हटलं, काढ. ती म्हणे, मावशी, दोनच दिवस झाले, दुखतं. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. काढायला लावली, संध्याकाळी परत घालायला गेली तर जाईना. वरून बुजलं, आत पू कोंडला. नाक सुजून डोळ्यापर्यंत गेलं. दवाखान्यात नेलं तिच्या बापानं. परत नाही आली कामावर." तिनं टॉर्चचं बटण दाबलं आणि सोडलं. "नियम बरोबर होता. मी पण बरोबर होते. मग ती पोरगी चुकली का? नाही ना?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. चार दिवस मी तिच्या वागण्यात डाव शोधत होते आणि तिच्या पोटात एका अनोळखी मुलीचं दुःख होतं. मला स्वतःची लाज वाटली. तरीही त्या क्षणी मी मण्यांबद्दल आणि मास्कबद्दल खरं सांगितलं नाही, हेही लिहायला हवं.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास लॅबमध्ये बसले असताना काडी जिभेखाली सरकल्यासारखी वाटली. आरशात पाहिलं. वरचा मणी नव्हता.

फरशी पाहिली, बेसिन पाहिलं, मास्क उलटा करून पाहिला, कोट झटकला, केसांवरची जाळी काढून झटकली. मिळाला नाही. काडी खालून निघाली, ती टिश्यूत गुंडाळून खिशात टाकली. मग मनाशी म्हटलं, गिळला असेल. लगेच वाटलं, गिळलाच. पोटात गेला असेल तर जाईल बाहेर आपोआप, कुणाचं काय बिघडतं? पण त्याच मनाला पक्कं ठाऊक होतं की दोन वाजता मी चिवड्याच्या लाइनवर गेले होते. मसाल्याच्या ड्रमचा खडखडाट एवढा होता की ऑपरेटरशी बोलायला मी मास्क खाली करून, माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर वाकून ओरडत होते. वर त्याच पट्ट्यावरचा चिमूटभर चिवडा उचलून चाखला होता. तो चिवडा आता पाकिटांत जात होता.

अडीच तास मी काहीही केलं नाही. वहीत मीठ बरोबर, तिखट बरोबर असं लिहीत राहिले. एवढं खोटं मी आयुष्यात पुन्हा कधी लिहिलं नाही.

संध्याकाळी झडतीच्या खोलीत मावशीनं टॉर्च मारली. "कुठंय?"

"काढलं मी. तुम्ही म्हणाला होतात ना, सूज उतरली की काढ."

"शहाणी गं शहाणी," ती म्हणाली आणि हात पुढं केला. "दाखव."

मी टिश्यू उघडला. काडी, आणि तिच्या एका टोकाला एक मणी.

"दुसरा?"

"गिळला."

"गिळला हे तुले कसं कळलं?"

मी टिश्यू पुन्हा गुंडाळायला लागले.

"सकाळी दोन्ही होते. मी पाहिले. म्हणजे आतच पडला. मास्क कितीदा खाली केला?"

"चारदा." खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"कुठं कुठं?"

"तीनदा लॅबमध्ये. एकदा लाइनवर."

"काय होतं लाइनवर?"

"चिवडा."

तिनं टॉर्च विझवली. बाहेर मागच्या अंगाला ट्रक लागला होता, खोकी चढवल्याचा आवाज येत होता. "चिवडा पोरं खातात," ती म्हणाली. "एखाद्याचा दात जाईल. लहान असलं तर घशात बसेल. तू जातेस साहेबाकडं का मी जाऊ?"

"मावशी, माझी नोकरी जाईल."

"जाईल."

"तुमचीही जाईल. पाच दिवस तुम्ही मला आत सोडलंय."

"हाव," ती म्हणाली. "माझी पण जाईल. चल."

मी पुढं आणि ती मागं, अशा आम्ही ऑफिसकडं निघालो. घरी जाणाऱ्या बायका बघत होत्या. मला पकडून नेतायत असंच त्यांना वाटलं असणार, आणि ते खरंच होतं.

आमचे प्लँट मॅनेजर केळकर, पुण्याचे. त्यांनी पूर्ण ऐकूनही न घेता आधी ट्रक थांबवला. दुपारनंतरचा सगळा चिवडा खाली उतरवला. धातू पकडणाऱ्या यंत्रातून पाकिटं पुन्हा फिरवली तरी काही सापडलं नाही, पण एवढासा मणी यंत्रातून सुटूही शकतो, म्हणून केळकरांनी तो सगळा माल नष्ट करायला सांगितला. मणी आजतागायत सापडलेला नाही. माझ्या पोटात गेला की त्या ढिगात, मला माहीत नाही. पुढं कितीतरी महिने मी चिवडा खाताना प्रत्येक घास जिभेनं चाचपायचे.

त्या संध्याकाळी केळकर मावशीला म्हणाले, "बेबीबाई, तुम्ही पकडलंत म्हणून वाचलो." मावशीनं नुसती टॉर्च खिशात ठेवली. चौकशी दुसऱ्या दिवशी ठेवली.

मला झोप लागली नाही. चुळा भरत बसले होते, कारण काडी गेली तरी जखम होतीच. वरून भोक मिटत चाललं होतं. माझं व्हायचं ते होवो, पण मावशीला यातून बाहेर काढायचं, एवढं मी ठरवलं. तिनं संध्याकाळी पकडलं हे तर सगळ्यांना माहीतच होतं. पाच दिवस सकाळी कसं सुटलं, एवढंच झाकायचं होतं. मला माझी युक्ती फार उदात्त वाटली.

शनिवारी केळकरांच्या खोलीत मी होते आणि ज्या कंत्राटदाराकडून गेटची माणसं यायची त्याचा सुपरवायझर होता. मावशीला दाराबाहेर बसवलं होतं. केळकरांनी सरळ विचारलं, "हे पाच दिवस गेटमधून आत गेलं कसं?"

"मावशींचा काही दोष नाही, सर," मी म्हणाले. "मी जीभ आत ओढून धरायचे. त्यांना दिसलंच नाही."

सुपरवायझरचा जीव भांड्यात पडला. "देखिए साहब, उसको दिखा ही नहीं. उमर हो गई है, नज़र कमज़ोर है. हम चश्मा बनवा देंगे."

केळकरांनीही मान डोलावली. प्रकरण मिटत आलं होतं. तेवढ्यात दार उघडलं.

"कोणाची नजर कमजोर?"

मावशी आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. तंबाखू सापडली की ती चिडायची, पण हे चिडणं नव्हतं.

"सोमवारी साडेआठला पाहिलं मी," ती केळकरांना म्हणाली. "वर एक मणी, खाली एक मणी, मधी काडी. मंगळवारी सूज वाढली, डावीकडं जास्त. बुधवारी पिवळं पाणी, वास नव्हता, ताप नव्हता. गुरुवारी सूज उतरली. काल सकाळी दोन्ही मणी जागेवर होते, म्हणून तर म्हटलं ना मी, मणी आतच पडला! न पाहता म्हटलं का?" मग ती सुपरवायझरकडं वळली. "माले दिसलं. पहिल्याच दिवशी दिसलं. दिसलं न् मी सोडलं. लिहा तसं."

"बेबीबाई," केळकर हळूच म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"लिहा," ती म्हणाली.

मी तिच्याकडं बघून डोळ्यांनी विनवत होते. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

लिहिलं त्यांनी. जाणूनबुजून धातू आत सोडला, म्हणून मावशीला त्याच दिवशी काढलं. तिनं ओळखपत्र आणि शिट्टी टेबलावर ठेवली आणि गेली. मला ताकीद मिळाली, कच्च्या नोकरीची मुदत सहा महिन्यांनी वाढली. माल बाहेर पडायच्या आत मी स्वतः येऊन सांगितलं, म्हणून एवढ्यावर भागलं असं कागदावर आलं. स्वतः येऊन, हे शब्द वाचताना मला गिळता येईना, आणि आता त्याला जिभेची सूज कारण नव्हती.

पुढच्या रविवारी मी सामरवरणीला तिची खोली शोधत गेले. ती सामान बांधत होती, शिरपूरला भावाकडं निघाली होती. मला बघून तिला राग आला नाही, आनंदही झाला नाही. चटईवर बस म्हणाली आणि पुन्हा गाठोड्याला लागली. मी रडत रडत सॉरी म्हटलं. मणी कधीच तपासले नव्हते, मास्क रोज खाली करत होते, सगळं सांगितलं.

"ते माले ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुझ्या 'हो' वरून कळायचं. माझी चूक, मी हातमोजा घालून स्वतः बघायला पाहिजे होतं. नोकरी गेली ती बरोबर गेली. नियम मोडला होता मी."

"पण मावशी, मी तुम्हाला वाचवत होते! तुम्ही दोन मिनिटं गप्प बसला असतात तर…"

"तर काय? चष्मा मिळाला असता."

तिनं गाठ मारली, ओढून बघितली, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"वीस वर्षं गेटवर काढली मी, पोरी. ह्या लोकांनी माले काय काय म्हटलं. खडूस म्हटलं, लाच खाते म्हटलं, नवऱ्यानं टाकलेली म्हटलं. मी ऐकून घेतलं, कारण त्यातलं काही खरं नव्हतं न् एखादं असलं तरी त्यानं माझं काम वाईट होत नव्हतं. पण दिसलंच नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. कोणीच नाही. तूच पहिली."

बाहेर रिक्षा आली होती. मी गाठोडं उचलायला गेले, तर तिनं ते माझ्या हातून काढून घेतलं आणि स्वतः नेऊन ठेवलं. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी उभी राहिले. तिनं मागं वळून बघितलं नाही. मी तिला वाचवायला गेले होते, आणि तिच्याबद्दल आजवर कुणी बोललं नव्हतं इतकं वाईट मीच बोलून बसले होते.